शहाणा गुडघा

साळूबाईच्या जिभेला हाड नाही, असं सगळी वाडी म्हणायची, आणि कौतुकानं म्हणायची. भोरच्या पश्चिमेला धरणाच्या पाण्याच्या कडेनं ज्या वाड्या आहेत, त्यातल्या एका वाडीतली ही बाई. माहेर भोंगवलीचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा कुमार सारोळ्याला टेम्पो चालवतो, पहाटे जातो नि दिवेलागणीला येतो. भाताची थोडी खाचरं, दोन म्हशी, सून शुभांगी, असा सगळा पसारा. पण साळूबाईचं खरं धन म्हणजे तिचं तोंड! बारशाला असो, हळदीला असो, ती बसली की बायका तिच्याभोवती सरकून बसायच्या. सरपंचापासून मास्तरापर्यंत तिनं कुणाला सोडलं नव्हतं. ज्याला ती एकदा नाव ठेवायची, त्याचं खरं नाव माणसं विसरून जायची.

सून मात्र गरीब गाय. वेल्ह्याकडची, डोंगरातल्या एका वस्तीवरची. एसटी पायथ्याला सोडते आणि तिथून पुढं दगडाधोंड्यांची वाट चढून जावं लागतं, असलं ते माहेर. सासूनं बोलावं आणि सुनेनं ऐकावं, यात दोघींचं छान जमलं होतं. निदान साळूबाईला तरी तसंच वाटायचं.

तर झालं काय, की एका वर्षी लावणीच्या दिवसांत शुभांगी खाचरात वाकून रोपं लावत होती. पाऊस झिमझिमत होता. पाच-सहा बायका ओळीनं मागं सरकत होत्या. मागं सरकता सरकता शुभांगीचा उजवा पाय गुडघ्यात वाकला तो वाकलाच. सरळ होईना. तिनं दोन्ही हातांनी मांडी धरली, ओठ आवळले आणि कशीबशी बांधावर जाऊन बसली. बायका म्हणाल्या, "काय झालं गं?" ती म्हणाली, "पाय आडलाय." आता पाय कधी अडतो का? बैल अडतो, गाडी अडते. साळूबाईनं एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं आणि हात चालू ठेवले.

तेवढ्यात शेजारची धोंडाबाई भाकरीची पाटी घेऊन बांधावर आली. तिला जागा द्यायला शुभांगी जरा बाजूला सरली, पाय हलवला, आत कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला आणि पाय सुटला! शुभांगी उठून उभी राहिली, चार पावलं सरळ चालली आणि पाटीला हात लावू लागली.

झालं. साळूबाईला आयता घास मिळाला. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आमच्या सुनंचा गुडघा लई शहाणा हाय, बाई! चिखल दिसला की आडतो, आन भाकरी दिसली की सुटतो!"

अहो, बायका हसून हसून चिखलात बसायच्या बाकी राहिल्या. धोंडाबाईच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट वाडीभर झाली, आणि बचत गटाच्या ग्रुपवर कुणीतरी साळूबाईच्याच आवाजात ती टाकली. त्या दिवसापासून शुभांगीचं नाव पडलं, शहाण्या गुडघ्याची.

पण गुडघा काही ऐकेना. आठवडाभर नीट चालायचा, आणि मग पाणी भरताना, म्हशीखालून उठताना, मधेच अडायचा. कधी अडायचा नाही तर लटपटायचा, जणू पायाखालचा दगडच सरकला. आणि खोड अशी, की कुणी बघायला आलं की गुडघा ठणठणीत. दुखणं कसं असावं, की दिसावं. ताप असला तर अंग भाजावं, मुरगळलं तर सुजावं. हे असलं सोयीनं येणारं आणि सोयीनं जाणारं दुखणं वाडीत कुणी बघितलंच नव्हतं. साळूबाईला वाटायचं, काम चुकवायला पोरीला बरं निमित्त सापडलंय.

तरी पण सासू वाईट नव्हती हो. कुमार म्हणाला, आई, एकदा दाखवून आण, तेव्हा ती सुनेला घेऊन एसटीनं भोरला गेली. तिथल्या एका दवाखान्यात नंबर लावला. आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. सून दवाखान्यात न्यायची, पण बोलायचं सासूनं. डॉक्टर विचारतो सुनेला, उत्तर देते सासू, आणि सून पदर सावरत फरशी बघत बसते. दुखतंय नक्की कुणाला, हे कळायलाच डॉक्टरचा अर्धा वेळ जातो.

डॉक्टरनं शुभांगीला विचारलं, "काय होतंय?"

साळूबाई म्हणाली, "गुडघा दुखतोय तिचा."

"कधी दुखतो?"

शुभांगीनं मान वर केली होती. काहीतरी सांगायला तोंडही उघडलं होतं. पण साळूबाईला राहवतंय कुठलं! ती म्हणाली, "चिखल दिसला की आडतो सायेब, आन भाकरी दिसली की सुटतो!"

डॉक्टर खो खो हसला. कंपाऊंडर हसला. बाकावर बसलेली माणसंही हसली. साळूबाईनं सुनेकडं पाहिलं, तर तीही तोंडाला पदर लावून हसत होती. मग काय, डॉक्टरनं गुडघा वरवर दाबला, सूज नाही म्हणाला, एक सुई टोचली, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि "ओझं जरा कमी उचला" म्हणून सोडून दिलं. एसटीत साळूबाई खुशीत होती. भोरच्या डॉक्टरला हसवलं, म्हणजे काय खायचं काम आहे का?

त्यानंतर शुभांगी गुडघ्याबद्दल बोललीच नाही. साळूबाईला वाटलं, गोळ्यांनी गुण आला. सून खाली वाकायची तेव्हा भिंत धरायची. पाय अडला तर गोठ्यात जाऊन एकटीच तो हलवून सोडवायची. हे साळूबाईनं पाहिलं नाही असं नाही. पाहिलं, पण मनावर घेतलं नाही. आणखी एक गोष्ट झाली. शुभांगी माहेरी जाईनाशी झाली. दिवाळी गेली, जत्रा गेली, आई फोनवर रडली, तरी नाही. साळूबाई चारचौघींत सांगायची, "सासूनं जीव लावला की सून माहेर इसरती, बघा!" हेही बायकांना पटायचं.

दोन पावसाळे असे गेले.

मग एके दिवशी सकाळी शुभांगी विहिरीच्या पायऱ्या उतरत होती. डोक्यावर रिकामी कळशी. तिसऱ्या पायरीवर गुडघा निसटला आणि ती बसूनच खाली गेली. ह्या वेळी गुडघा अडला तो सुटेचना. हलवला, चोळला, शेकला, काही उपयोग नाही. पाय वाकडा तो वाकडाच. कुमारनं टेम्पो घरी आणला, मागं गादी टाकली आणि बायकोला थेट पुण्याला हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. साळूबाई बरोबर होतीच. ती नाही तर बोलणार कोण?

तिथली डॉक्टरीणबाई वयानं लहान होती. तिनं खुर्ची ओढली, शुभांगीच्या समोर बसली आणि म्हणाली, "सांगा, काय काय होतं?"

शुभांगीनं सवयीनं मान वळवली. म्हणाली, "आत्या सांगतील."

डॉक्टरीणबाईनं साळूबाईकडं पाहिलं. कुमारनंही पाहिलं. साळूबाईच्या ओठावर तेच आलं होतं, चिखल आणि भाकरी. घोटून गुळगुळीत झालेलं वाक्य. पण समोर तो वाकडा पाय दिसला आणि ते वाक्य घशातच राहिलं. दुसरं काही सांगावं म्हटलं तर सांगायला काही नव्हतंच! दोन वर्षं पोर एका घरात वावरली, आणि हिनं तिला एकदासुद्धा विचारलं नव्हतं की नक्की होतं काय.

"मला ठावं न्हाई," साळूबाई म्हणाली. "तूच सांग गं."

आणि मग शुभांगी बोलली. हळूहळू, पण न थांबता बोलली. पहिल्यांदा माहेरची वाट उतरताना पाय दगडावर पडला नि अंग फिरलं, गुडघ्यात कट्‌ आवाज झाला, रात्रीत भोपळ्याएवढा सुजला. आईनं हळद बांधली. लावणी तोंडावर होती म्हणून सूज ओसरताच परत आले. तेव्हापासून आत काहीतरी अडकतं. भोरला एकदा दाखवलं, गोळ्या घेतल्या, तरी अडकतंच. उतारावर पाय माझा राहत नाही. "म्हणून माहेरला जात न्हाई मी. चढून जाईन कशीबी, पन उतरायची भीती वाटती."

साळूबाईनं पायातल्या चपलांकडं पाहिलं.

फोटो काढले, मोठ्या मशीनमध्ये घालून गुडघा आतून बघितला. डॉक्टरीणबाईनं नीट समजावून सांगितलं. दोन हाडांच्या मधे गादी असते, ती फाटलीय. फाटलेला तुकडा मधे येऊन अडकतो, म्हणून पाय अडतो, आणि तो बाजूला सरला की सुटतो. शिवाय गुडघा धरून ठेवणारी आतली दोरी तुटलीय, म्हणून तो निसटतो. दोरी नवी करता येईल. पण गादी आता चुरगळून गेलीय, फाटका भाग काढावाच लागेल. चालता येईल, घरचं करता येईल. चिखलात वाकून लावणी, डोक्यावर ओझं, डोंगराचा उतार, हे मात्र जपून. शक्यतो नाहीच.

"सुरुवातीला आला असतात तर शिवता आली असती," ती म्हणाली.

साळूबाईनं विचारलं, "सुरवातीला म्हंजी कवा?"

"तुम्ही पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेलात ना भोरला, तेव्हा. त्यांना हे सगळं सांगितलं नव्हतं का?"

कुमार खिडकीतून बाहेर बघत राहिला.

ऑपरेशन झालं. शुभांगी घरी आली. साळूबाई आता दोन्ही म्हशींच्या धारा काढते, पाणी भरते, आणि सकाळ-संध्याकाळ सुनेचा पाय धरून शिकवलेला व्यायाम करून घेते. वेल्ह्याला फोन करून तिनं विहिणीला स्वतः बोलावलं. ती बिचारी चार दिवस राहून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. एवढं सगळं केलं, पण आतली टोचणी जाईना. केलेलं भरून काढता येतं, बोललेलं कसं भरून काढायचं?

लावणी पुन्हा आली. रानातून परतताना बायका ओट्याशी थांबल्या. शुभांगी पाय लांब करून बसली होती. धोंडाबाई प्रेमानंच म्हणाली, "काय गं, शहाणा गुडघा काय म्हणतोय?" सगळ्या हसल्या आणि साळूबाईकडं बघू लागल्या. ती आता काहीतरी झणझणीत टाकणार!

"त्ये नाव घ्यायचं न्हाई पुन्यांदा," साळूबाई म्हणाली.

बायकांना वाटलं हीही गंमतच. त्या आणखी हसल्या नि हसतच घरोघर गेल्या. दुसऱ्या दिवशी नळावर तेच नाव. आणि का नसावं? नाव ठेवणारी कोण होती?

त्या संध्याकाळी साळूबाई सुनेच्या पायाशी बसली. गुडघ्यावरची पट्टी नीट केली. मग म्हणाली, "चुकलं माझं, शुभे. लई चुकलं."

"असू द्या, आत्या."

असू द्या म्हटल्यानं तर तिला जास्तच लागलं. पोरीनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःचा जीव राखायला माणूस काहीतरी धरतंच, तसं तिनंही धरलं. म्हणाली, "पन तवा भोरच्या दवाखान्यात तू बी हसलीस ना गं? म्या बघितलं व्हतं. मला वाटलं, हिला काय एवढं न्हाई. न्हाईतर म्या..."

शुभांगीनं पाय हळूच जवळ घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता.

"मग मी काय करनार व्हते, आत्या? समदी हसत व्हती."