दोन एअरपोर्टमधली पंधरा मिनिटं

"नाईक, मधे सहा तास कशाला ठेवलेत? मुलगी काय एअरपोर्टवर संसार मांडणार आहे?"

फोनवर मोहिते साहेब होते. त्यांची केमिकल कंपनी डोंबिवलीत मानपाड्याला, ऑफिस ठाण्यात टेंभी नाक्याला. त्यांची तिकिटं माझी एजन्सी काढायची. त्यांच्याकडची सानिका नावाची केमिस्ट बेंगळुरूचं काम संपवून परस्पर सिंगापूरला ट्रेनिंगला निघाली होती. जागा एकच. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर नाही, तर ती दुसऱ्या कंपनीच्या माणसाला जाणार होती.

बेंगळुरूहून थेट विमान भरलेलं होतं, म्हणून मी दोन्ही विमानं मुंबई एअरपोर्टची, एकाच पीएनआरवर सुचवली होती. पीएनआर म्हणजे बुकिंग नंबर. तो एकच असला तर पहिलं विमान लेट झाल्यावर पुढची सोय एअरलाइन बघते. वेगवेगळे असले, तर ज्याचं त्याने निस्तरायचं.

साहेबांना मात्र नवी मुंबईचा नवा एअरपोर्ट हवा होता. आमच्या भागात त्याचं कौतुक असं, की वाटावं सोसायटीने वर्गणी काढून बांधलाय. सानिकाने दुपारपर्यंत बेंगळुरूच्या प्लांटवर राबावं, नवी मुंबईला उतरावं आणि अडीच तासांनी मुंबईहून सिंगापूरचं विमान पकडावं, असा त्यांचा प्लॅन.

"साहेब, एअरपोर्ट दोन वेगळे आहेत."

"मला कळतं ते. इथे वेबसाइटवर दोन्हींमधला ट्रॅव्हल टाइम दिलाय. पंधरा मिनिटं."

"ती विमानाची वेळ आहे. सरळ रेषेतलं अंतर, विमानाचा वेग आणि वर चढाउतरायची थोडी मिनिटं, एवढाच हिशोब करतात ते."

"मग बरोबरच आहे ना?"

"साहेब, त्या दोघांमध्ये विमानच नाही."



"ठीक आहे. मग गाडीला डबल धरा. अर्धा तास."

नवरात्रात देवीच्या गर्दीमुळे टेंभी नाक्यावरून गाडी बाहेर काढायला किती वेळ जातो, हे या माणसाला दर वर्षी दिसतं. तरी स्क्रीनवर आकडा दिसला की अक्कल गहाण.

मी सानिकाला फोन केला. ती म्हणाली, "काका, मी नवीन आहे. साहेबांना कसं सांगू?"

तिकीट सांगितलं तसं काढलं.

बेंगळुरूचं विमान थोडंसंच लेट झालं. बॅग यायला वेळ गेला. मानपाड्याहून निघालेली कंपनीची गाडी शिळफाट्याला अडकली होती. सानिकाने टॅक्सी केली, ती मानखुर्दला रखडली. चेक-इन काउंटर विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतो. ती पोचली तेव्हा तिथला माणूस उठून जात होता. "काका, तो ऐकतच नाही हो," एवढंच तिला फोनवर बोलता आलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशीच्या विमानाचा उपयोग नव्हता. जागा गेली.

साहेबांनी मीटिंग घेतली. मलाही बोलावलं. दोष ड्रायव्हरचा ठरला आणि त्याला काढलं. मी रस्त्याचा विषय काढला, तर म्हणाले, "नाईक, तुम्ही फार निगेटिव्ह बोलता." त्या दिवसापासून त्यांची तिकिटं मी काढत नाही.

सानिकाने काही महिन्यांनी नोकरी सोडली. तिच्या जागी आलेल्या मुलाला साहेबांनी ऑफिसात सगळ्यांसमोर सांगितलं म्हणे, "ती मुलगी हुशार होती, पण वेळेचं भान नव्हतं."

वेबसाइटवर माझा राग नाही. तिला अंतर विचारलं, तिने अंतर सांगितलं. उशीर कोणाच्या नावावर टाकायचा, हे ती सांगत नाही. त्यासाठी साहेब लागतो.