थेल्माची एका सीटची गाडी

हॅलिंगमच्या जुन्या लष्करी विमानतळावर महिन्यातल्या एका रविवारी गाड्या पळवायच्या, हा तिथल्या क्लबचा एकवीस वर्षांचा शिरस्ता होता. एका वेळी एकच गाडी धावपट्टीवर सोडायची आणि घड्याळ लावून तिची वेळ मोजायची. त्या एकवीस वर्षांत थेल्मा बार्ट्रमचे तीन रविवार चुकले. दोन तापामुळे आणि एक नणंदेच्या लग्नामुळे. ताप ती विसरली, लग्न मात्र तिने बरेच दिवस मनात धरून ठेवलं होतं.

मग जमिनीच्या मालकाने धावपट्टीवर उन्हापासून वीज तयार करणाऱ्या काचेच्या पट्ट्या बसवायचं ठरवलं आणि क्लब बंद पडला. सभासदांनी शेवटच्या रविवारी सॉसेज भाजले, एकमेकांचे फोन नंबर घेतले आणि आपापल्या गाड्या ट्रेलरवर चढवून घरी नेल्या.

थेल्मा तेव्हा त्रेसष्ट वर्षांची होती. ट्रॅक्टर विकणाऱ्या एका दुकानाच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं फवारणीची यंत्रं आणि कापणीयंत्रं दुरुस्त करून ती निवृत्त झाली होती. तिची गाडी म्हणजे होडीसारखा लांबट, अरुंद सांगाडा, चारही चाकं अंगाबाहेर, मधोमध एकच सीट आणि पाठीमागे एका जुन्या घरगुती मोटारीचं इंजिन. ती तिने अपघातात चेपलेल्या अवस्थेत घेतली होती. नळ्या कापून, नव्या जोडून, इतकी बदलली होती की मूळची म्हणावी अशी फक्त सीटच उरली होती.

ही गाडी आता धान्याच्या कोठारात ताडपत्रीखाली उभी राहिली. क्लबचा चिटणीस नेव्हिल मॉब्स दोनदा येऊन सांगून गेला, की उत्तरेकडच्या एका माणसाला हवी आहे, देऊन टाक. थेल्माने दोन्ही वेळा चहा पाजून त्याला वाटेला लावलं. मग मार्चमध्ये एके दिवशी नाश्त्याच्या वेळी तिने नवऱ्याला सांगितलं, की ती गाडी रस्त्यावर चालवण्याची सरकारी परवानगी काढणार आहे.

क्लाइव्ह अंड्याचं टरफल सोलत होता. तो चर्चमधल्या ऑर्गनच्या शिट्ट्या जुळवण्याचं काम करायचा. स्वभावाने सावकाश.

"कशासाठी?" त्याने विचारलं.

"मला तिच्यातून पाव आणायला जायचंय."

"पाव ठेवशील कुठे?"

"मांडीवर."

क्लाइव्हने यावर थोडा विचार केला आणि मीठ पुढे सरकवायला सांगितलं. त्यांच्या घरात संमती अशीच मिळत असे.

नेव्हिलला कळलं तेव्हा तो मात्र दुखावला. रेसच्या घोड्याला कुणी दुधाच्या गाडीला जुंपतं का, असं त्याने फोनवर विचारलं. थेल्माने उत्तर दिलं, की घोडा कोठारात उभा राहून कंटाळलाय, त्याला विचार.

नियमांचं पुस्तक तीनशेच्या वर पानांचं होतं. ते तिने स्वयंपाकघरात चुलीशेजारी ठेवलं आणि रोज चार पानं वाचली. रेसमध्ये जे जे काढून टाकायचं असतं, ते सगळं आता परत लावायचं होतं. हॉर्न, आरसे, वळणाचे दिवे, मागे धुक्यात दिसणारा लाल दिवा, चाकांवर मडगार्ड, हँडब्रेक. एकवीस वर्षं तिने गाडीतून एकेक किलो कमी केला होता, आणि आता दर आठवड्याला दोन-दोन किलो वाढत होते. पहिल्या महिन्यात तिला ते सोसवेना. एकदा तर मडगार्ड लावून झाल्यावर ती लांब जाऊन उभी राहिली, गाडीकडे बघितलं, आणि दोन दिवस कोठारात गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी क्लाइव्हने तिथे डोकावून येऊन सांगितलं, की गाडी त्याला टोपी घातलेल्या मावशीसारखी दिसते, पण मावशी बरी आहे. मग ती परत कामाला लागली.

सगळ्यात जास्त वेळ कडांनी खाल्ला. रस्त्यावरचा माणूस चुकून गाडीवर आपटला तर त्याला कुठेही कापता कामा नये, म्हणून बाहेरची प्रत्येक कड गोल हवी. ती गोलाईसुद्धा ठरलेली, अडीच मिलिमीटर. रेसच्या गाडीत तर धार नसलेली जागा शोधावी लागते. थेल्माने कानस घेतली आणि मे महिना असाच घालवला. ज्या नटांना कानस लागत नव्हती त्यांना प्लॅस्टिकच्या टोप्या घातल्या. पत्र्यांना रबराच्या पट्ट्या लावल्या. झोपेतही तिचा अंगठा पांघरुणाच्या कडेवरून फिरत असतो, अशी क्लाइव्हची तक्रार होती.

आवाजाचं काम त्याने अंगावर घेतलं. नियमाप्रमाणे नव्व्याण्णव डेसिबलच्या वर जायचं नव्हतं, आणि गाडी एकशे आठ करत होती. थेल्माने तीन सायलेन्सर बदलले, तरी एकशे तीनच्या खाली उतरेना. क्लाइव्ह घडीची खुर्ची घेऊन कोठाराबाहेर बसला, डोळे मिटले, आणि तिला इंजिन हळूहळू चढवायला सांगितलं. मग म्हणाला, सगळा आवाज वाईट नाहीये. एकच सूर बोंबलतोय, बाकीचे बिचारे गप्प आहेत. ऑर्गनमध्ये नको असलेला सूर मारायला बाजूला एक बंद तोंडाची नळी जोडतात, तिची लांबी सुरावरून काढतात. त्याने कागदावर हिशोब करून लांबी दिली, तिने नळी कापून वेल्ड केली. मीटरवर सत्त्याण्णव आलं.

क्लाइव्ह त्या गाडीत कधी बसला नव्हता. बसणार कसा, सीट एकच. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि बायकोच्या सगळ्यात आवडत्या गोष्टीत त्याला जागाच नव्हती, यावर क्लबमधले लोक त्याची थट्टा करत आणि तोही हसत असे. पण त्या दिवशी मीटरचा आकडा त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवला आणि खाली तारीख घातली.

जुलैत तपासणीची तारीख मिळाली. गाडी ट्रेलरवर घालून दोघं तपासणी केंद्रावर गेले. तपासनीस मिस्टर लॅडब्रुक हे सहा फूट तीन इंच उंचीचे, अबोल गृहस्थ होते. त्यांनी काठीला लावलेला एक गोळा गाडीच्या अंगावरून फिरवला. जिथे जिथे गोळा टेकला तिथे वाकून बोटाने चाचपलं. मग चालवून बघायची वेळ आली. त्यांनी सीटकडे पाहिलं, थेल्माच्या उंचीकडे पाहिलं, आणि बूट काढले. मोज्यांनिशी ते आत उतरले तेव्हा त्यांचे गुडघे कानांजवळ आले. क्लाइव्ह तोंड फिरवून खोकला.

दोन तासांनी त्यांनी कागद हातात ठेवला. गाडी नापास होती. तीन कारणं. आरशाच्या खालचा एक बोल्ट टोचत होता. पुढचे दिवे जमिनीपासून अर्धा मीटर उंच हवेत, ते बारा मिलिमीटर कमी भरले. आणि तिसरं, वळल्यावर हात सोडला तर स्टीअरिंगने आपण होऊन सरळ यायला हवं, ते येत नव्हतं.

पहिली दोन थेल्माने मान डोलावून ऐकली. तिसऱ्यावर तिचा चेहरा पडला.

"एकवीस वर्षं मी ती चालवतेय," ती म्हणाली. "स्टीअरिंगला कुणी नावं ठेवली नाहीत."

"तुम्ही हात कधी सोडलात का?" लॅडब्रुकनी विचारलं.

तिने तो कधीच सोडला नव्हता.

ट्रेलर ओढत दोघं घरी निघाले. बोल्ट आणि दिवे उद्या होतील, हे तिला ठाऊक होतं. लागलं होतं ते वेगळंच. गाडीतला प्रत्येक नट आपल्याला पाठ आहे, असं तिला वाटत आलं होतं, आणि एका अनोळखी माणसाने मोज्यांनिशी दहा मिनिटं बसून तिला न दिसलेली गोष्ट दाखवली होती. क्लाइव्हने वाटेत थांबून तळलेला मासा आणि बटाटे घेतले. खाता खाता तो म्हणाला, "मी चाळीस वर्षं जे सूर जुळवतोय, ते लोकांना ऐकू येतात तसे मला येतच नाहीत. मला फक्त चुका ऐकू येतात. तुझं उलटं झालंय, एवढंच."

"म्हणजे मला चुका दिसत नाहीत?"

"लाडक्याच्या दिसत नाहीत गं."

तिने त्याच्या पुड्यातला एक बटाटा उचलला.

पुढचे तीन आठवडे ती पुढच्या चाकांच्या मागे लागली. चाकाला धरणारे दांडे कमी-जास्त करून चाकांचा कल मागे झुकवत नेला. दर वेळी कोठाराच्या अंगणात सावकाश वळण घ्यायचं, हात सोडायचा आणि बघायचं. सुरुवातीला स्टीअरिंग तसंच राही. मग थोडंसं हलू लागलं. एका मंगळवारी, चौदाव्या खेपेला, ते तिच्या बोटांखालून निघून शांतपणे सरळ आलं. थेल्मा गाडी बंद करून तशीच बसून राहिली. मग परत वळण घेतलं. परत हात सोडला. क्लाइव्ह चहा घेऊन आला तेव्हा ती सातवी फेरी मारत होती. थांबायचं तिला सुचत नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला लॅडब्रुकनी आल्याआल्याच बूट काढले. या वेळी कागद लवकर आला. सही करून झाल्यावर त्यांनी सांगाड्याच्या एका जोडावर बोट ठेवून हे वेल्डिंग कुणाचं, असं विचारलं. थेल्माला वाटलं, आता काय निघालं.

"माझंच," ती म्हणाली.

"फोटो घेतला तर चालेल का? नव्या तपासनिसांना दाखवायचाय. चांगलं कसं असतं ते कुणी दाखवतच नाही त्यांना."

नंबर आला तो क्यू अक्षराने सुरू होणारा. सुटे भाग कुठले, किती जुने, याचा पत्ता लागत नाही अशा गाडीला तो देतात. क्लाइव्ह म्हणाला, "असाच नंबर माझ्या चुलतभावालाही द्यायला हवा होता."

पहिल्या दिवशी थेल्मा सकाळी दहाला निघाली. गावाबाहेर पडताच बीटाने भरलेला एक ट्रॅक्टर पुढे आला. रस्ता अरुंद, पुढे जायला वाव नाही. ज्या गाडीने धावपट्टीवर ताशी एकशे तीस मैल गाठले होते, ती सहा मैल ट्रॅक्टरमागे अठराच्या वेगाने चालली. बीटाची माती उडून तिच्या चष्म्यावर येत होती. समोरून एक व्हॅन आली आणि चालकाने स्टीअरिंगवरचं एक बोट उचलून तिला सलाम केला, या भागात सगळे करतात तसा. त्या गाडीत बसलेली असताना समोरून कुणी येणं, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिनेही बोट उचललं, पण उशिरा, तोवर व्हॅन निघून गेली होती. पुढच्या वेळी ती तयार होती.

क्लाइव्ह त्या आठवड्यात किनाऱ्याजवळच्या चर्चमध्ये काम करत होता. ती तिथे पोचली आणि इंजिन बंद करून दारात उभी राहिली. तो वरच्या सज्ज्यातून खाली आला, हाताला धूळ, कानावर पेन्सिल. दोघं चर्चच्या दगडी भिंतीवर बसले आणि त्याच्या डब्यातलं खेकड्याचं सँडविच अर्धं अर्धं खाल्लं. एक म्हातारी कुत्रा घेऊन जाताना थांबली आणि गाडी कोणत्या देशातली, असं तिने विचारलं. इथलीच, शेजारच्या गावातली, असं थेल्माने सांगितलं. म्हातारीला ते पटल्यासारखं दिसलं नाही, पण कुत्र्याने पुढच्या चाकाचा वास घेतला आणि ती दोघं पुढे गेली.

मग क्लाइव्ह परत वर चढला. थेल्मा भिंतीवर थोडा वेळ बसून त्याचा एकच सूर पुन्हापुन्हा वाजताना ऐकत राहिली. घराकडे दोन रस्ते होते. तिने समुद्राच्या कडेचा, लांबचा घेतला.