मस्कतमध्ये सोलापूरचा टॉवेल नापास

मस्कतला राहणारी लेक रेखा "हवापालटाला ये" म्हणाली असती तर मी गेलेच नसते. सोलापूरची हवा मला पुरते. पण ती म्हणाली, "आई, मी काम करते त्या हॉस्टेलचे टॉवेल बदलायचेत. जरा येऊन बघ की." लगेच बॅग भरली. टॉवेलच्या कारखान्यात किनारी शिवण्यात माझी उमर गेली. शाळा चौथीपर्यंत, पण टॉवेल हाताला लागला की त्याची कुंडली सांगते मी.

सोलापूर ते मुंबई रात्रभराचा प्रवास, मुंबई ते मस्कत एक डुलकी. विमानात चहा मागितला तर कागदी पेल्यात कोमट पाणी आणि धाग्याला बांधलेली पुडी दिली. ज्यांना जायचंय त्यांनी दिवाळीनंतर जावं. मी पावसाळा सरताना गेले. विमानतळाबाहेर पाय टाकला आणि चष्म्यावर वाफ धरली. ऊन आपल्याकडंही आहे, पण ते कोरडं. इथलं म्हणजे इडलीच्या भांड्यात बसल्यागत.

रेखा राहते अल हैलला, समुद्राजवळ. रस्ते असे की जावयाच्या गाडीत पोटातलं पाणी हललं नाही. जवळच नर्सबायकांचं हॉस्टेल आहे. तिथली धुलाई, चादरी, टॉवेल सगळं रेखाच्या ताब्यात, हाताखाली चार बाया. आधीचे टॉवेल मालकानं स्वतः पसंत केलेले, जाडजूड. त्यांना कुबट वास मारतो म्हणून नर्सबायकांची ओरड. आता मालक म्हणाला होता, तूच निवड. पण परत तक्रार आली तर धुलाई बाहेरच्या कंपनीला देईन. म्हणजे त्या चार बाया घरी.

"एवढंच ना?" मी म्हणाले. "उद्या बाजार दाखव."

बाजार मत्रहला. बंदरासमोर जुनं सूक आहे, तिकडं बाजाराला सूक म्हणतात. दुपारी दुकानं बंद असतात, तेव्हा ऊन उतरल्यावरच जा. आत लोबानाचा वास, चांदीचे खंजीर, शाली. भाव करायला लाजू नका, तेही लाजत नाहीत. कापडाच्या गल्लीत कासिमभाईंचं दुकान. रत्नागिरीकडचे, तीन पिढ्या इथंच.

"या आजी, कुठल्या तुम्ही?"

"सोलापूरची."

"अरे बापरे! मग मी काय दाखवणार तुम्हाला? तुम्हीच गल्ल्यावर बसा."

तरी त्यांनी तीन टॉवेल काढले. एक जाड, लोण्यासारखा मऊ, नक्षीच्या पट्टीचा. चिठ्ठीवर सोलापूर लिहिलेलं. माझी छाती फुगली. समुद्रापलीकडं येऊन गावाचं नाव वाचायला मिळालं! दुसरे दोन पातळ, साधे, पांढरे.

"हा घे," मी जाड टॉवेल रेखाच्या हातात कोंबला. "ही चिंधी कोण वापरणार? भांडी पुसायला ठेव."

"आई, इथं पातळच चालतो."

"मला शिकवतेस?"

कासिमभाई हसून म्हणाले, "यल्ला, चला, तिन्ही न्या. धुवा, वापरा, मग भांडा."

दुसऱ्या दिवशी तिन्ही हॉस्टेलच्या मशीनमध्ये घातले. नवा टॉवेल न धुता कुणाला देऊ नये, खळ असते, पाणी पीत नाही. रेखानं सोड्याची पावडर बेतानं घातली, सॉफ्टनर घातलंच नाही. ते मी मनात मान्य केलं. सॉफ्टनरनं टॉवेल गालाला गोड लागतो, पण अंगावरचं पाणी टिपत नाही.

बाहेर काढले तर माझ्या जाड टॉवेलची नक्षीपट्टी आटून बाकीचं कापड चुण्या पडून बसलेलं. मी म्हटलं, इस्त्रीनं जाईल. नात तन्वी तुटक मराठीत म्हणाली, "आज्जी, हॉस्टेलमध्ये टॉवेलला इस्त्री कोण करतं?" हिला कुणी विचारलं होतं?

मग पातळ टॉवेल पाहिले. एकाची किनार एकपदरी दुमडलेली. अंगठ्यानं ओढली, दोरा सरसर निघून आला. दुसऱ्याची दुपदरी, टाके बारीक, कोपऱ्यावर शिलाई मागं फिरवलेली. "घ्यायचाच असला तर हा," मी म्हणाले. रेखानं मान डोलावली. एवढं तिला दिसलं नव्हतं.

संध्याकाळी मी जाड टॉवेलनं अंग पुसलं, तन्वीनं त्या दुपदरी किनारीच्या पातळ टॉवेलनं. दोन्ही न्हाणीतल्या दांडीवर टाकले, नर्सबायका टाकतात तसेच. सोलापूरला असला टॉवेल गच्चीवर टाकला की भाकरी होईस्तोवर वाळतो. सकाळी हात लावला. पातळ कोरडा खडखडीत. माझा जिथल्या तिथं ओला. नाकाला लावला आणि तोंड फिरवलं. ओल्या कुत्र्याचा वास!

रेखा दारात उभी. मी पातळ टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "चहा ठेव."

दुपारी मालक आला. त्याला सगळे अर्बाब म्हणतात. पांढराशुभ्र झगा, अत्तराचा घमघमाट. त्यानं आधी जाडच उचलला, मऊ लागला म्हणून. मी मनात म्हटलं, बाबा, मीही तेच केलं. आणि माझी लेक, जी सोलापुरात दुकानदाराशी बोलताना माझ्या पदरामागं लपायची, ती त्याच्याशी अरबीत बोलायला लागली. हळू नाही, ठणकावून. त्याच्या नाकाखाली जाड टॉवेल धरला. नाक मुरडलं त्यानं. मग दुपदरी किनार ओढून दाखवली, माझ्यासारखीच अंगठ्यानं. माझ्याकडं बोट करून काहीतरी बोलली. त्यानं छातीवर हात ठेवून मान झुकवली.

"तमाम. खलास," तो म्हणाला. म्हणजे ठीक आहे, ठरलं. चारी बाया दाराआडून ऐकत होत्या, त्या हसल्या.

"माझ्याबद्दल काय बोललीस?" मी नंतर विचारलं.

"हेच, की किनार माझ्या आईनं तपासली. ती निघणार नाही."

परतताना लोबान घेतला, खजूर घेतले. जाड टॉवेलही मीच आणला. फेकवेना. आता गच्चीवर टाकते, भाकऱ्या होईस्तोवर वाळतो, आणि वास कसलाच नाही.

शेजारची मंदा परवा म्हणाली, "काय गं बाई, ओमानहून टॉवेल? तोही सोलापूरचाच? एवढी लेक परदेशात, करते तरी काय तिथं?"

आजवर मी म्हणायचे, नोकरी करते. या खेपेला म्हणाले, "टॉवेल निवडते. आणि मी निवडलेला नापास करते."