पहिली ओंजळ

माझी धाकटी जाऊ पिंकी तिवस्याला अंगणवाडीत आहे. कुणाचंही रडकं पोर तिच्याकडं द्यावं, ते लगेच हसतं. बसचा कंडक्टर, आमच्या जठारपेठेतला दूधवाला, सगळे तिच्याशी जन्माची ओळख असल्यासारखे बोलतात. सासूबाईंचं तर विचारूच नका. ती मला आवडत नाही, असं नाही. मला तिचा हेवा वाटतो, आणि तो काही थोडाथोडका नाही.

सासूबाई, म्हणजे गोदाबाई, राहतात अकोल्यात माझ्याकडं. त्यांच्या गुडघ्यांना रोज तेल मी लावते. पिंकी सणासुदीला उगवते आणि भाव खाऊन जाते.

दर हिवाळ्यात आम्ही परतवाड्याच्या पुढं, उजाड डोंगराच्या पायथ्याशी, गरम पाण्याच्या कुंडावर जातो. आमच्या घरची रीत अशी, की सासूला कुंडात उतरवायचं ते सुनेनंच. मग सासू पाण्याची पहिली ओंजळ त्याच सुनेच्या डोक्यावर टाकते. पिंकी घरात आल्यापासून ती ओंजळ तिचीच. मी पायरीवर पिशव्या सांभाळत बसते.

यंदा मी ठरवलंच होतं. जीपमधून उतरल्याबरोबर पिशव्या पिंकीच्या हातात कोंबल्या आणि सासूबाईंचा दंड धरला. दोन पायऱ्या उतरलो. गरम वाफ तोंडावर आली. तेवढ्यात त्यांनी हात सोडवून घेतला.

“पिंकी कुठी गेली? तिले बोलाव.”

“काहून? मी हाये ना. पाडीन का मी तुमाले?”

“पाडशीन नाही व. पन तू तेल लावतं, अन् चार बायायले सांगतं. आता हेबी सांगशीन.”

कुंडातल्या बायका हसल्या. त्यांचं खोटं नव्हतं, मी सांगतेच. तुम्हालाही सांगितलंच की.

पिंकी धावत आली. “आई, ताईले धरू द्या ना,” म्हणाली. तिच्या त्या दयेनं माझा जास्तच तिळपापड झाला. मी पिशव्या घेतल्या आणि वर जाऊन बसले. पहिली ओंजळ तिच्या डोक्यावर पडली ती मी बघितली. बघायचं नव्हतं, तरी बघितली.

थोड्या वेळानं ती निथळत वर आली. दोन्ही हातांत पाणी जपून आणलं होतं.

“ताई, आईनं तुमच्यासाठी देलं.”

सासूबाई खालून माझ्याकडंच बघत होत्या.

“राहू दे,” मी म्हणाले, “सर्दी होते मले.”

तिनं ओंजळ सोडली. पाणी पायरीवरून माझ्याकडं आलं, आणि मी पाय वर घेतले.