बारामतीला येऊन येते

साऱ्या इंदापूर तालुक्यात माझ्या आत्याइतकी निर्भय बाई नाही. घराचा पाया तिने अमावस्येला खोदायला लावला, नखं ती तिन्हीसांजेलाच कापते, आणि मांजर आडवं गेलं तर त्यालाच दूध पाजून पुढे निघते. अंधश्रद्धेवरची माझी पत्रकं आम्ही बाजारात वाटायचो, तेव्हा तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. पण या बाईच्या तोंडून ‘जाते’ हा शब्द कुणी कधी ऐकला नाही. निघताना ‘येते’ सगळेच म्हणतात. आत्या मात्र “बारामतीला येऊन येते” म्हणायची. एकदा कंडक्टर वैतागला, “मावशी, नक्की येताय का जाताय?” आत्या म्हणाली, “तू तिकीट दे. येतीय मी.”

मग परदेशातल्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं आणि आत्याच्या व्हिसाची मुलाखत ठरली. तिथे एकच प्रश्न महत्त्वाचा: मायदेशी परत जाणार का? उत्तर चुकलं की व्हिसा नाही, आणि लेक तिकडे एकटी. दुभाषी आत्याला नको होता. म्हणून मी तिला ‘गो’चा भविष्यकाळ शिकवायला बसले.

“म्हण, आय विल गो बॅक.”

“आय विल कम.”

“आत्या, ‘कम’ म्हणजे येणं. साहेबाला वाटेल, ही कायमची राहायला आली!”

“आन् इंग्रजीत म्हणलं म्हंजी ते ‘जाते’ व्हायचं ऱ्हातंय व्हय?”

माझं डोकं तापलं. “तूसुद्धा शुभ-अशुभ मानतेस?”

“अशुभ न्हाय गं. जाते म्हणलं की मागं ऱ्हाणाऱ्याला तुटल्यावानी वाटतं. उगं कशाला?”

यावर मला पत्रक काढता येईना.

मुंबईत खिडकीपलीकडच्या बाईने तेच विचारलं. आत्या म्हणाली, “आय विल कम. कम होम. इंदापूर.” बाई हसली म्हणे. व्हिसा मिळाला.

निघायच्या दिवशी इंदापूरच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली. पायरीवर चढून आत्या वळली, शाळेतल्या पोरीसारखी ताठ उभी राहिली आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाली, “आय विल गो!”

आपल्याला ते जमलं, एवढंच तिला मला दाखवायचं होतं. मी टाळ्या वाजवायला हव्या होत्या. दार लागलं, गाडी हलली, आणि काखेतली पत्रकं सावरत मी गाडीमागे धावत होते, “आत्या, येते म्हण! आत्या, येते म्हण ना!”