चप्पल घालूनच आत या

आहेरराव मॅडमची आणि माझी ओळख होण्याआधीच त्यांनी माझी चाल पाहिली होती. पीएच.डी.साठी मार्गदर्शक शोधत मी एकलहऱ्याहून नाशिकच्या कॉलेजात आले, तेव्हा त्या संगणक विभागाच्या खिडकीत चहा पीत उभ्या होत्या. मी समोर जाताच म्हणाल्या, "गेटपासून दोनदा माघारी वळलात. एवढी भीती कसली?"

मी खरं ते सांगून टाकलं, "तुम्ही फार कडक आहात असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय. बसा."

त्या डॉ. कुमुद आहेरराव आता साठ वर्षांच्या झाल्या आहेत. मी त्यांची विद्यार्थिनी, आणि आज त्यांच्याच विभागात शिकवते. या गौरवग्रंथात त्यांच्या विद्वत्तेविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी मात्र आमच्या एका चुकीविषयी लिहिणार आहे. आनंदाच्या प्रसंगी हे काय काढलं, असं कुणाला वाटेल. वाटू दे. मॅडम मला खऱ्या अर्थाने कळल्या त्या चुकीमुळे.

माणसाच्या चालण्यावरून कॅमेऱ्याने त्याला ओळखायचं, हा मॅडमचा विषय. चेहरा पाहायचाच नाही. पाऊल किती लांब पडतं, गुडघा किती वाकतो, हात कसे हलतात, एवढ्यावरून संगणकाने सांगायचं की हा अमुक माणूस. आपली आई जिना चढू लागली की आपण न बघता ओळखतोच की! तेच यंत्राला शिकवायचं. मॅडमनी यात उमेदीची वर्षं घातली आणि विचारल्याशिवाय कुणाचीही चाल टिपायची नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला.

माझा प्रबंध पूर्ण होत आला होता, तेव्हा विंचूरच्या एका कारखान्याने हजेरीसाठी आमचं यंत्र गेटवर लावून पाहायचं ठरवलं. मी तर हवेतच होते. कामगारांना गटागटाने कॉलेजात आणलं, लॅबमध्ये चालायला लावलं, प्रत्येकाची चाल टिपली. शांताराम नावाचे एक कामगार बरेच लंगडत चालले. देवाशप्पथ सांगते, मला आनंद झाला. अशी वेगळी चाल ओळखायला यंत्र चुकणारच नाही, असं मी वहीत लिहूनही ठेवलं.

पंधरा दिवसांनी शांतारामभाऊंचा फोन आला. "ताई, म्या रोज कामावर हाय, आन् तुमचं मशीन मला गैरहजर दावतंय. सोमवारी कायम करायच्या माणसांची यादी जाणार. सात वर्षं वाट बघितली. आता माझं नाव कापत्यात."

वॉचमन, सोबती, सगळे त्यांच्या बाजूने बोलत होते. पण यादी करणारे साहेब बसत दुसरीकडे. त्यांच्यापुढे फक्त संगणकाचा कागद, आणि संगणक कशाला खोटं बोलेल?

मी मॅडमना सांगितलं, पण कसं? "मॅडम, बाकी सगळे बरोबर ओळखले गेले, एकच माणूस चुकलाय." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तो असा ठेवला की समजायचं, आता आपली काही खैर नाही.

"त्या एकाला भेटलात का?"

"नाही."

"उद्या सकाळची एसटी. मीही येते."

पहिल्या पाळीच्या वेळी आम्ही कारखान्याच्या गेटवर हजर. शांतारामभाऊ समोरून आले आणि मी बघतच राहिले. ते लंगडत नव्हतेच! ताठ, सरळ, भराभर चालत आले. मॅडम त्यांच्याशी आधी घरचं, गावचं बोलल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. जरा चप्पल काढून चालून दाखवता?"

त्यांनी चपला काढल्या आणि ती लॅबमधली चाल परत आली. "डावा पाय लहानपणापासून आखूड हाय," ते म्हणाले. "म्हणून या चपलेला खाली जाड तळ शिवून घेतलाय. ही घातली की लय फरक पडतो. तुमच्याकडं दाराशी पाटी होती ना, मंग काढून ठेवली."

आमच्या लॅबच्या दाराशी पाटी होतीच: 'पादत्राणे बाहेर काढावीत.' धूळ नको म्हणून. आपल्याकडे अशी पाटी नसली तरी माणूस उंबऱ्याशी चपला काढतो. आम्ही सगळ्यांची चाल अनवाणी टिपली आणि गेटवर यंत्रापुढे आली चपलाबुटांतली माणसं. बाकीच्यांची चाल थोडीफार बदलली, ते निभावून गेलं. शांतारामभाऊंची मात्र साफ बदलली. इतक्या शिकलेल्या आम्ही, पण दाराबाहेरच्या त्या चपलांच्या ढिगाकडे एकीचंही लक्ष गेलं नाही.

"पाटी कुणी लावली होती?" मॅडमनी विचारलं.

मी चाचरतच म्हटलं, "तुम्हीच."

"म्हणजे सुरुवात माझ्यापासून."

तशाच त्या मालकांच्या खोलीत गेल्या. मालक भले होते. "एकाचंच आहे ना मॅडम? हाताने दुरुस्त करून टाकू. लेखी कशाला?"

"आज भाऊंकडे माझ्या विद्यार्थिनीचा नंबर होता म्हणून हे कळलं," मॅडम म्हणाल्या. "ज्याच्याकडे नंबर नसेल त्याने काय करायचं?" तिथेच बसून त्यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं: शांताराम रोज हजर होते, चूक यंत्र बनवणाऱ्यांची आहे, सर्वांची चाल नव्याने टिपेपर्यंत यंत्र गेटवरून काढावं. खाली सही केली. मालकांचा चेहरा उतरला. यंत्र निघालं ते निघालंच, त्यांनी पुन्हा काही आम्हाला बोलावलं नाही. पण सोमवारच्या यादीत शांतारामभाऊंचं नाव गेलं.

माझा प्रबंध दीड वर्ष लांबला. परतीच्या एसटीत मी रडले, रागाने रडले. मॅडमवरच राग होता, कशाला लपवू? त्यांनी मला खिडकीची जागा दिली, रुमाल दिला आणि म्हणाल्या, "विंचूर ते नाशिक मनसोक्त रडा. उद्यापासून नव्याने टिपायचं आहे."

आणि टिपलं! भाजी मार्केटमध्ये पहाटे उभं राहून, डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बायकांना विचारून विचारून. "अगं, चालायचं काय शिकतीस आमच्याकडून?" म्हणून त्या हसायच्या आणि चालून दाखवायच्या. मॅडम दमायच्या, पण एक सकाळ चुकवली नाही. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी मला आमच्या चुकीवर लिहायला लावलं. लॅबची जुनी पाटी स्वतः उतरवून नवी लावली: 'चप्पल घालूनच आत या.' धूळ आता आम्ही रोज पुसतो.

दर वाढदिवसाला मॅडम स्वतः कॅमेऱ्यापुढे चालतात, हा आमचा रिवाज. या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या काठी घेऊन, सावकाश चालल्या. पडद्यावर शब्द उमटला: अनोळखी. ज्यांनी हे यंत्र घडवलं त्यांनाच! मी घाईने पडदा बंद करायला गेले. मॅडम मात्र काठीवर रेलून माझ्याकडे बघत होत्या.

"चूक कुणाची?"

"आमची, मॅडम."

"मग?"

"पुन्हा टिपते."

त्या काठी टेकत दारापर्यंत गेल्या आणि पुन्हा पहिल्यापासून चालत आल्या. मॅडम, तुमची चाल वर्षागणिक बदलो, काठी येवो वा जावो. शंभरी गाठेपर्यंत दर वर्षी तुम्ही आम्हाला असंच चालून दाखवायचं आहे. ओळख चुकली तर चूक आमची, आणि आम्ही पुन्हा टिपू.