पावणेसातचा भोंगा

आमच्या सोसायटीतली अख्खी ए विंग एका रविवारी सकाळी नाकाला ओले रुमाल लावून शेतात पळाली, त्याला मी जबाबदार होतो. विषारी वायू वगैरे काही सुटला नव्हता. सुटला होता तो माझा धीर.

गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. अंबरनाथ एमआयडीसीतली आमची रंगाची कंपनी तेव्हा बंद होऊन चारेक वर्षं झाली होती. मी तिथं मेंटेनन्सचा फोरमन. माझा थोरला भाऊ, दादा, त्याच कंपनीच्या गेटवर टाइमकीपर, म्हणजे कोण वेळेवर आला आणि कोण उशिरा, हे वहीत लिहिणारा माणूस. वहिनी गेल्यावर तो खरवईला आमच्याकडे राहायला आला आणि हळूहळू सगळं विसरायला लागला. सकाळचा चहा घेतल्याचं विसरून दुसरा मागायचा. (दुसराही विसरायचा, म्हणून तिसरा.)

निवृत्त माणसांनी करायचं काय, म्हणून आम्ही विज्ञान मंडळ काढलं होतं. दर रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या ऑफिसात आठ-दहा म्हातारे जमायचे. प्रमुख कुलकर्णी, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त केमिस्ट. महिनाभर आधीच त्यांनी ‘वायुगळती झाल्यास काय करावे’ यावर सगळ्या सोसायटीला बोलावून सव्वा तास व्याख्यान दिलं होतं. भोंगा ऐकला की ओला रुमाल नाकाला लावा, वाऱ्याला आडवे चालत मोकळ्या जागी जा. निम्मे लोक झोपले होते, असा आमचा समज झाला. दुसरे लालवानी. ते उल्हासनगरहून यायचे; तिथं कॅम्प तीनमध्ये त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, ते आता मुलगा बघायचा.

एकदा लालवानींनी स्कूटरवरून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणलं.

“जाधवसाब, पहचाना?”

मी गोणपाट बाजूला केलं. आमच्या कंपनीचा भोंगा. त्यांना तो भंगारवाल्याकडे दिसला होता. वर पिवळा रंग माझ्याच हातचा आणि त्यावर ब्रश घसरल्याचा ओघळही माझाच. पंचवीस वर्षं रोज सकाळी पावणेसातला हा मला हाक मारायचा. कंपनी बंद झाल्यापासून सकाळी मला कुणी हाक मारली नव्हती. सुमन, माझी बायको, मारायची; पण ती दूध आणायला.

मंडळात ठरलं की भोंगा दुरुस्त करायचा आणि पुढच्या रविवारी अकरा वाजता गच्चीवर तीन सेकंद वाजवून दाखवायचा. जोडणी माझ्याकडे आली. मी आठवडाभर गच्चीवरच होतो. शनिवारी संध्याकाळी टायमर अकरावर लावता लावता माझा हात पावणेसातवर थांबला. म्हटलं, एकदाच. आपलं अंथरुणात पडून ऐकू. तीन सेकंदांत कोण जागं होतंय?

सकाळी तो वाजला. आधी घसा साफ केल्यासारखा घरघरला, मग चढत गेला. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. गेटसमोरची सायकलींची रांग दिसली, आणि त्या रांगेत आता हयात नसलेले चार-पाच जणही. तीन सेकंद झाले. दहा झाले. मिनिट झालं.

“अहो,” सुमन म्हणाली, “हा थांबतो कधी?”

“थांबेल.”

“कोण थांबवणारे?”

मी अनवाणीच गच्चीवर धावलो. टायमरचा स्विच तापून आतल्या आत चिकटला होता. मेन स्विच तळमजल्याच्या मीटररूममध्ये, तिची किल्ली वॉचमनकडे, आणि वॉचमन भोंगा कुठं वाजतोय ते बघायला रस्त्यावर गेलेला. कठड्यावरून खाली पाहिलं तर बिल्डिंग रिकामी होत होती. सगळ्यांत पुढे कुलकर्णी. अंगात गंजी, नाकाला ओला टॉवेल आणि वारा तपासायला एक ओलं बोट हवेत. त्यांच्यामागे सगळे शिस्तीत, तिरके तिरके, शेताकडे. व्याख्यानात कुणीसुद्धा झोपलं नव्हतं.

मी वरून दोन्ही हात हलवत ओरडलो, “काही नाही, मीच आहे!” त्या आवाजात ऐकणार कोण? लोकांनी वर बघितलं, हातवारे करणारा मी दिसलो, आणि ते चालायचं सोडून पळायला लागले.

दोरीवर सुमनची गोधडी वाळत होती. मी ती उचलून भोंग्यावर टाकली. भोंग्यानं ती आत ओढून घेतली, दोन गचके दिले आणि जळका वास सोडून तो गप्प झाला.

सुमन वर आली. तिनं गोधडीकडे पाहिलं. आईनं शिवलेली होती तिच्या. आता आपलं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “ते राहू दे. भाऊजी घरात नाहीत.”

खुंटीवरचा दादाचा खाकी शर्ट नव्हता. त्याचा जुना डबाही नव्हता. मी तसाच खाली रिक्षास्टँडवर गेलो.

“चाचा शेअर में गये,” एक रिक्षावाला म्हणाला. “बोले, कंपनी जाना है. दूसरे ने पूछा, कौनसी? तो बोले, अपनी.”

दादाला एकट्याला सोसायटीसमोरचा रस्तासुद्धा ओलांडता येत नसे. मी रस्त्यावर उभा, आणि तेवढ्यात प्रात्यक्षिकासाठी हार घेऊन लालवानी वेळेच्या खूप आधीच आले. मी काही न सांगता स्कूटरवर बसलो.

“अंबरनाथ. कंपनीवर.”

वाटेत प्रत्येक ट्रक दिसला की मी डोळे मिटत होतो. शेवटी राहवलं नाही. “लालवानी, टायमर मीच लावला होता. गुपचूप.”

त्यांनी एक खड्डा चुकवला. मग म्हणाले, “मेरेको बुलाना था ना. मला पण ऐकायचा होता.”

गेटला गंजलेलं कुलूप होतं, आत छातीएवढं गवत. बाहेरच्या दगडावर दादा बसला होता. खाकी शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर डबा. गेले आठ महिने तो मला ‘अहो’ म्हणत होता, कुणाच्या घरी पाहुणा राहावा तसा. आत्ता त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळ नसलेल्या मनगटाकडे.

“वसंता, लेट.”

मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“भोंगा ऐकला नाहीस?”

“नाही ऐकला, दादा.”

“सगळ्या गावाला ऐकू येतो, तुला नाही येत. आणि बूट कुठायत?”

मी त्याच्या शेजारी दगडावर बसलो. त्यानं डबा उघडला. रात्रीची एक चपाती आणि मूठभर साखर. त्यानं चपातीचे तीन तुकडे केले, एक लालवानींना दिला, एक मला. मग रस्त्याकडे बघत राहिला.

“आज कुणीच कसं आलं नाही रे?”

“येतील,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मीही रस्त्याकडेच बघत होतो, आणि खरं सांगायचं तर थोडी वाटसुद्धा बघत होतो.

ऊन चढलं. मी म्हटलं, “चल दादा, घरी जाऊ.”

“सुटी कुठं झाली? भोंगा होऊ दे.”

मी लालवानींकडे पाहिलं, लालवानींनी माझ्याकडे. भोंगा गच्चीवर गोधडी खाऊन मेला होता. शेवटी मी उठलो, बासष्ट वर्षांचा, अनवाणी, आणि त्या बंद गेटसमोर तोंडाभोवती हात धरून सुरू केलं. खालून, घरघरत, मग वर चढवत. माझा श्वास संपला तिथून लालवानींनी धरला. समोरच्या कारखान्याचा वॉचमन खुर्चीतून उठून सरळ उभा राहिला.

दादानं शांतपणे शेवटपर्यंत ऐकलं. डब्याचं झाकण लावलं, शर्ट झटकला आणि माझा हात धरून उठला.

“भोंग्याचा आवाज पार बसलाय,” तो म्हणाला. “मेंटेनन्सला कोण आहे सध्या?”

“मीच आहे, दादा.”

“वाटलंच.”